पेला आणि मॅटाडोर

एडवर्डने मॅटाडोर धुवायला काढली, की लग्न आलं हे आळीला कळायचं. पत्रिका मागाहून यायची. एरवी त्या गाडीतून पहाटे वाड्यांतली भाजी आणि फुलं दादरला जायची. लग्नाच्या मोसमात मात्र तिच्या फळ्या निघायच्या, आत बाकडी बसायची, पुढचं नवरीचं, मागची बायकांची, पुढच्या काचेवर झेंडूची माळ चढायची आणि एडवर्ड कॉलरचं वरचं बटण लावून स्टीअरिंगवर बसायचा. बावीस वर्षांत एकोणीस नवऱ्या त्याने चर्चच्या पायरीशी उतरवल्या होत्या. एकीच्याही हातातला गुच्छ हलला नाही, असं तो स्वतःच सांगायचा. त्यातलं थोडं वजा केलं तरी शिल्लक बरीच राहायची.

विसावी नवरी घरचीच होती. त्याच्या एकुलत्या एका बहिणीची, मटिल्डाची एस्थर. मटिल्डाचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि त्या नऊ वर्षांत या घराला जिथे जिथे पुरुषमाणूस लागला, तिथे तिथे एडवर्ड शेजारच्या गास गावाहून येऊन उभा राहिला होता. एस्थरच्या शिक्षणालाही तोच पाठीशी होता. भावकीतल्यांनी नाकं मुरडली, तरी पोरीला त्याने मुंबईला डोळे तपासण्याचं शिक्षण घ्यायला पाठवलं होतं. आता ती तिथल्याच एका इस्पितळात नोकरीला होती आणि रविवारी पापडीच्या चर्चमध्ये तिचं तिथल्या थॉमसशी लग्न होतं.

आज शुक्रवार, मांडवाचा दिवस. सकाळी दहाच्या सुमाराला एडवर्ड मटिल्डाच्या विहिरीवरच्या पंपाने चाकांवर पाणी मारत होता. जानेवारीचं ऊन कोवळं होतं, मांडवात भावकीतले पंधरा-वीस जण चहा पीत होते, आणि नव्याण्णव साल आपल्याच मालकीचं असल्यासारखा तो शीळ घालत होता. तेवढ्यात एस्थर त्याच्याजवळ आली.

"मामा, एक विचारू?"

"विचार की. आता दोनच दिवस विचारशील, मग त्या थॉमसला विचारत बसशील."

"रविवारी मानाचा पेला तुम्ही घेणार?"

"मी नाही घेणार तर काय बॅन्डवाला घेणार?"

एस्थर हसली नाही. "मग मी रिक्षाने जाईन."

एडवर्डने पाण्याचा पाइप खाली टाकला. पाणी त्याच्याच पायावर आलं, तेही त्याला कळलं नाही. नवरी आणि रिक्षाने! मांडवातल्या लोकांनीही ऐकलं होतं, कारण कपबशांचा आवाज एकदम थांबला.

इथली रीत अशी होती. नवरी उंबऱ्याबाहेर पडली, की घरातल्या वडीलधाऱ्याने मामाच्या हातात घरच्या दारूचा पेला द्यायचा. मामाने तो एका दमात रिकामा करून तळहातावर उपडा घालायचा आणि एक थेंबही उरला नाही हे सगळ्यांना दाखवायचं. मग मामाने स्वतः नवरीला चर्चला न्यायचं. नाही म्हणणं म्हणजे घराचा अपमान. आणि पेला नावालाच एक. मामाला एकावर कोण सोडतो? मावशीचा दुसरा, शेजाऱ्यांचा तिसरा. नवरीच्या मामाकडे गाडी नसली, की हा मान एडवर्डकडे यायचा, आणि तीन पेले पोटात घेऊन त्याने एकोणीस नवऱ्या नेल्या होत्या.

"पोरीचं डोकं मुंबईने फिरवलं," मांडवातून पीटरकाका म्हणाले. पीटरकाका एस्थरच्या वडिलांचे काका, वय अठ्ठ्याहत्तर, आणि रविवारी पेला द्यायचा मान त्यांचाच. "माझ्या आज्यापासूनची रीत हाय. मामाने पेला घ्यायचा आनि कासरा धरायचा. आजपावेतो कोन पडलं? कोन मेलं?"

"पडलं नाही म्हणून पडणार नाही, असं थोडंच आहे?" हे बोलली बेला, एडवर्डची बायको. अंगणात नारळ सोलत बसली होती आणि मान वर न करता बोलली. एडवर्डला ते फार लागलं. बायकोने विरोधी पक्षात जावं, तेही सगळ्यांदेखत!

"तू पण?" तो म्हणाला.

"मी काय, मी गाडीत मागे बसते. मला पुढचं कुठे दिसतं?" बेला म्हणाली आणि नारळाचं सोडण ओढून काढलं. अंगणातल्या दोघी बायका तिच्या बाजूला सरकल्या.

मटिल्डा मात्र स्वयंपाकघरातून धावत आली. "एस्थर, तोंड सांभाळ. माझा दादूस नसता तर आज हा मांडव नसता, समजलं?"

"म्हणूनच बोलते आहे, आई. परक्याला कोण सांगायला जातं?" एस्थर मामाकडे वळली. "मामा, दारूने डोळा अधू होत नाही. तीन पेले घेऊन तुम्ही माझ्या तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचाल."

"मग झालं तर!"

"झालं नाही. डोळा फिरायचा आळस करतो. एका जागी रोखून बसतो. समोरचं स्पष्ट दिसतं, पण कडेचं डोळ्यात येऊनही मनापर्यंत पोचत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपल्याला काही दिसलं नाही, हेच आपल्याला कळत नाही. माणसाला वाटतं, सगळं नीट दिसतंय."

"माझं लक्ष कडेला नसतं? दादरच्या बाजारात गाडी घालून दाखव म्हणावं कोणाला!"

"इथेच दाखवा. वाडीत. माझ्यासमोर."

एडवर्डच्या छातीत वारा भरला. आव्हान म्हटलं की त्याला राहवत नसे. त्याने कंबरेचा टॉवेल झटकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कर तुझी परीक्षा. पास झालो तर पेला मी घेणार, गाडी मी चालवणार आणि तू गप गाडीत बसणार. कबूल?"

"कबूल. आणि नापास झालात तर?"

"तर पीटरकाकांना चालवू दे," एडवर्ड म्हणाला, आणि अख्खा मांडव हसला. पीटरकाकांना सायकलसुद्धा येत नव्हती.

फाटकापासून विहिरीपर्यंत केळीच्या बागेतून बैलगाडीची जुनी वाट होती, सरळ, दोनेकशे पावलांची. एस्थरने तिच्या उजव्या अंगाने चुन्याची फक्की ओढली. उजवं चाक त्या रेषेवरून ढळू द्यायचं नाही. दोन्ही बाजूंच्या केळींना तिने लाल चिंध्या बांधल्या, कुठे खाली, कुठे वर, कुठे पानाआड. वेग सायकलचा. चालवता चालवता जितक्या चिंध्या दिसतील तितक्या मोठ्याने मोजायच्या. एक फेरी आता, कोऱ्या पोटी. दुसरी जेवणानंतर, दोन पेले घेऊन. दुसऱ्या फेरीला चिंध्यांच्या जागा बदलायच्या.

पहिली फेरी एडवर्डने पोरखेळासारखी उडवली. रेष चाकाखाली राहिली, बारापैकी अकरा चिंध्या त्याने मोजल्या, आणि बारावी राहिली ती पानाआड दडवली म्हणून, असं त्याने पीटरकाकांकडून कबूलही करून घेतलं.

जेवणात सुका बोंबील होता, आंबट वरण होतं आणि केळ्याची घरची दारू होती. एडवर्डने दोन पेले घेतले, एस्थरने डोळ्यांनी मोजले. तिसरा पीटरकाका देत होते, पण एडवर्डने हात आडवा केला. "परीक्षेत लबाडी नको," तो म्हणाला. त्याला छान वाटत होतं. डोकं हलकं, हात मोकळे, आणि बाग सकाळपेक्षा हिरवी. पोरीला पास होऊन दाखवतो आणि मग तिच्या डोक्यावरून हात फिरवतो, असं त्याने मनाशी ठरवलंसुद्धा होतं. राग त्याला कधीच नव्हता. लाड मात्र होता, आणि तो दाखवायला त्याला जिंकणं भाग होतं.

दुपारी साडेतीनला त्याने गाडी फाटकाशी लावली. एस्थर पलीकडे विहिरीच्या कठड्यावर वही घेऊन बसली, बाकीचे मांडवाच्या टोकाशी उभे राहिले. गाडी सुटली. रेष समोर पांढरी, स्वच्छ, दोरीसारखी ताणलेली दिसत होती. चाक तिच्यावर इतकं अचूक चाललं होतं, की एडवर्डला स्वतःचंच कौतुक वाटलं. "एक... दोन... तीन..." तो मोजत होता. वाट कधी संपली कळलंही नाही. विहिरीपाशी ब्रेक दाबून त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "सहा! आणि रेष बघ, सकाळपेक्षा सरळ!"

"रेष सरळच आहे," एस्थर म्हणाली. "चिंध्या बारा होत्या."

"सहाच होत्या."

"बारा, मामा."

"तू सहाच बांधल्यास. मला फसवायला."

मग एकच गलका झाला. कोणी म्हणालं वाऱ्याने पानं खाली आली, कोणी म्हणालं पोरीने चिंध्या मुद्दाम आत बांधल्या. पीटरकाका काठी आपटून म्हणाले, "चिंध्या मोजायला कोन गाडी चालवतो? रस्ता बघायचा का चिंध्या? गाडी रेषेवरनं ढळली का? नाय ढळली. पास!"

"पास!" मागून आवाज आले. सकाळी बेलाच्या बाजूला सरकलेल्या दोघी बायकाही आता पीटरकाकांकडे बघून हसायला लागल्या. रीत मोडायची कोणालाच हौस नव्हती, कारण पेले मागाहून सगळ्यांकडेच फिरायचे.

एस्थर उठून उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज ठाम होता. "मामा, आई दिसली तुम्हाला?"

"कोण आई?"

"माझी आई. मधल्या पाण्याच्या पाटापाशी, डाव्या बाजूला. मला इथून पानांमधून लाल लुगडं दिसलं."

"तिथे कोणी नव्हतं," एडवर्ड शांतपणे म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. तिथे कोणी नव्हतं याची त्याला आपल्या नावाइतकी खात्री होती.

एस्थरने हाक मारली. मटिल्डा मागच्या दाराने आली, पदर खांद्यावरून पुढे घेतलेला. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"आई, तू वाटेवर होतीस ना?"

मटिल्डाने आधी लेकीकडे पाहिलं, मग भावाकडे. "मी घरात होते," ती म्हणाली. "वाटेवर मी आलेच नाही."

संपलं. एस्थरने वही मिटली. एडवर्डने जवळ जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला, ठरवल्याप्रमाणेच. "रडू नको गो पोरी. तुझं शिक्षण खरं, पण ते मुंबईच्या डोळ्यांसाठी. आमचे डोळे खाऱ्या वाऱ्यातले." लोक हसले, कोणीतरी टाळी वाजवली, आणि एस्थर मांडवातून आत गेली. जिंकल्याचा आनंद एडवर्डला झाला होता, पण पोरीच्या मिटलेल्या ओठांनी त्यातला बराचसा खाल्ला.

हात धुवायला तो मागच्या पडवीत गेला. तिथे बेला मटिल्डाच्या कोपराला हळद लावत होती. कोपरापासून मनगटाकडे चांगलं वीतभर सोलवटलेलं होतं. त्याला पाहताच मटिल्डाने हात पदराखाली घेतला.

"काय झालं?"

"विहिरीचा कठडा लागला."

"कधी?"

"सकाळी."

"सकाळचं रक्त अजून ओलं कसं?" एडवर्डने विचारलं. त्याने बेलाकडे पाहिलं. एरवी जिच्या जिभेला हाड नव्हतं, ती बेला वाटीतल्या हळदीकडे बघत राहिली. मग एवढंच म्हणाली, "तुमच्या गाडीचा डावा आरसा बघून या."

तो गेला. आरसा मागे वळला होता. त्याच्या दांडीत बांबूच्या टोपलीची एक काडी अडकली होती आणि सांध्यात झेंडूच्या पाकळ्या चेपून बसल्या होत्या, पिवळ्या, ताज्या. एडवर्ड त्या वाटेवरून उलटा चालत निघाला. मधल्या पाटापाशी फुलं सांडली होती. घाईघाईत गोळा केलेली असावीत, तरी बरीच राहिली होती. फुलांच्या शेजारी चिखलात अनवाणी पावलं उमटली होती. ती वाटेला लागून होती, केळीच्या आड नव्हे. चाकाच्या खुणेपासून हातभर अंतर होतं. दिवसाढवळ्या, लाल लुगड्यातली बाई, डोक्याएवढी टोपली काखेत घेऊन उभी. रेषेवरचा चुन्याचा कण न् कण त्याला दिसला होता, आणि सख्खी बहीण दिसली नव्हती.

तो पाटाच्या कडेला बसला. आता त्याला निर्मळच्या तळ्याजवळचा सायकलवाला आठवला, जो ओरडला होता आणि ज्याला त्याने शिव्या घातल्या होत्या. सोपाऱ्याच्या नाक्यावरची म्हातारी आठवली. नाल्याच्या पुलावरची हातगाडी आठवली. दरवेळी त्याने एकच म्हटलं होतं, कुठून टपकला कोण जाणे. कोणीही कुठून टपकलं नव्हतं. सगळे आधीपासून तिथेच उभे होते. बावीस वर्षं तो ज्याला आपली नजर म्हणत होता, ती त्या लोकांची चपळाई होती. एडवर्डला भीती वाटली, खरीखुरी. एकोणीस नवऱ्या एकेक करून त्याच्या डोळ्यांपुढे येऊ लागल्या, आणि प्रत्येकीच्या मागे बाकड्यांवर दाटीवाटीने बसलेल्या बायका आल्या.

बसला तितक्याच लवकर तो उठलाही. रडत बसणं त्याला जमणारं नव्हतं. एकदा काम दिसलं की ते उरकायचं, हा त्याचा स्वभाव दारूच्या आधीचा होता. पडवीत येऊन त्याने मटिल्डाला विचारलं, "मला बघून तू हात केलास?"

मटिल्डाने होकाराची मान हलवली. "मला वाटलं थांबशील. नेहमी थांबतोस."

"मग खोटं का बोललीस?"

"इतक्या लोकांत तुझी मान खाली जाऊ देऊ? नऊ वर्षं तू माझी जाऊ दिली नाहीस."

त्याने तिचा चांगला हात धरला आणि मांडवात घेऊन आला. दुखरा हात तिने अजून पदराखाली धरला होता. मांडवात पीटरकाका रविवारच्या पेल्यासाठी बरणी निवडत होते.

"काका, बरणी ठेवा खाली," एडवर्ड म्हणाला. "मी नापास आहे."

"काय बोलतोस? आता तर पास केला तुला!"

"मटिल्डा वाटेवर होती. माझ्या गाडीचा आरसा तिला लागला. मला ती दिसली नाही." मग सगळ्यांनी नीट ऐकावं म्हणून त्याने पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्याने. "दोन पेल्यांत मला माझी बहीण दिसली नाही."

आतून एस्थर दारात येऊन उभी राहिली. पीटरकाकांनी काठी चाचपली. "अरे पन रीत... माझ्या मामाने या घरच्या तीन पोरी नेल्या, पेला घेऊन, काळोखातनं..."

"कशातून नेल्या, काका?"

"कशातनं म्हंजे? बैलगाडीतनं."

"तेच तर. तुमचे मामा पिऊन कासरा धरायचे आणि बघायचं काम बैल करायचे. पुढे माणूस आला तर बैल उभे राहायचे. माझी मॅटाडोर उभी राहत नाही. तिला माझ्याशिवाय डोळे नाहीत." एडवर्डचा आवाज आता पुन्हा त्याचा झाला होता, आळीला ऐकू जाणारा. "रविवारी पोरीला मीच नेणार, कोऱ्या पोटी. पेला मी घेणार, तो तिला उतरवून, गाडी लावून, चावी बेलाच्या हातात दिल्यावर. तुम्ही तो पापडीला घेऊन या. सगळ्यांसमोर उपडा घालून दाखवतो. ज्याला हे पसंत नाही, त्याने रिक्षाने यावं."

पीटरकाकांनी बरणीचं झाकण घट्ट केलं. "पापडीला," ते शेवटी पुटपुटले. "आनि बरनी कोन नेनार?"

"तुमीच," बेला म्हणाली. "मांडीवर धरून. माझ्या शेजारी बसा."

हसू फुटलं, आधी दबकत, मग मोकळं. ज्या दोघी बायका दुपारी पीटरकाकांकडे सरकल्या होत्या, त्या आता बेलाच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. एस्थर पुढे आली. तिने मामाकडे पाहिलं. मग आईचा पदर बाजूला करून कोपर पाहिलं आणि खालचा ओठ दाताखाली धरला.

"रागावू नको गो," मटिल्डा लेकीचं मनगट धरून म्हणाली. "भावासाठी बोलले. फक्त हात सोलवटलाय."

एडवर्ड बहिणीकडे वळला. सबंध दिवसात पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला.

"मटिल्डा, रविवारी त्या गाडीत पुढच्या बाकावर कोण बसणार होतं?"

मटिल्डाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग लेकीच्या मनगटावरची तिची बोटं आवळली गेली, आणि तिने ती सोडली नाहीत.